जळगावात यंदा थंडी फारशी नाही, घरच्या बागेची काळजी कशी घेऊ?
पाणी रोज देऊ नका, आपली काळी माती ओल खूप धरते, बोट दोन इंच आत घालून बघा, कोरडं लागलं तरच सकाळी द्या. थंडी कमी अन् हवा ढगाळ असली की मावा (झाडाचा रस शोषणारी बारीक कीड) जोरात येतो, म्हणून वांगी-मिरचीचे कोवळे शेंडे आणि पानं उलटून बघत जा, दिसला की लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल अन् थोडा लिक्विड सोप घालून संध्याकाळी फवारा, आठवड्याने परत. गुलाबावर भुरी (पानांवर पांढरी पावडर दिसते ती बुरशी) आली तर ती पानं काढून टाका. केळीची वाळलेली पानं बुडाशी अंथरा, आपल्याकडे त्यांना काय तोटा! आणि झाकायचं कापड हाताशीच ठेवा बरं का, उत्तरेचं वारं सुटलं की पारा एक-दोन दिवसात १० च्या खाली जातो, पपईची छोटी रोपं तेव्हाच खराब होतात.