पेठेतलं घर: आधी भाड्यानं राहा

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत जुना वाडा पाडून उभ्या राहणाऱ्या इमारतीतला फ्लॅट, किंमत ७८ लाख. खासबाग मैदान, गाण्याचा देवल क्लब, केशवराव भोसले नाट्यगृह सगळं पायी. तुम्ही गाणं शिकवता, त्यामुळे ही ओढ मला कळते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृह पेटलं तेव्हा सारं कोल्हापूर हळहळलं होतं.

तरीही आज हा फ्लॅट घेऊ नका, असंच माझं मत आहे.

मिस्टर ४६ वर्षांचे आहेत आणि कारखान्यातून ५८ व्या वर्षी निवृत्त होणार. म्हणजे पगाराची बारा वर्षं उरली. ५५ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ४७,७०० च्या आसपास येतो, पण शेवटची आठ वर्षं तो भरायचा कशातून? बारा वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता ६१ हजारांवर जातो. दोघांचे मिळून हातात येतात १ लाख ५ हजार. त्यात जमवलेल्या ३० लाखांपैकी १२ लाख मुलाच्या इंजिनिअरिंगचे, दोन वर्षांत लागणारे. त्यांना हात लावू नका, ही माझी कळकळीची विनंती.

शिवाय ७८ लाखांवर किंमत थांबत नाही. बांधकाम चालू असताना घेतलात तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ३ लाख ९० हजार. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य झाल्याचा पालिकेचा दाखला, मिळालेल्या तयार फ्लॅटवर तो लागत नाही.

पेठेत एक गोष्ट नेहमी नजरेतून सुटते. जागा ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील, तर महारेराकडे, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदणी सक्तीची नाही. वाड्यांच्या जागा बहुधा एवढ्याच असतात. मग ताबा रखडला तर तो आधार उरत नाही. शिवाय जागेच्या मालकांची नोंद असलेल्या मालमत्ता पत्रकावर चुलत्या-पुतण्यांची, लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावं असतात. एकीची सही राहिली तरी दावा उभा राहू शकतो. टोकन देण्याआधी वकिलाकडून जागेच्या मालकीचा तीस वर्षांचा शोध घ्या.

तुम्हीच लिहिलंय, त्याच गल्लीत तसाच फ्लॅट १६ हजार भाड्यानं मिळतो. तो घ्या. रियाज, नाटक, सकाळी तालमीसमोरची वर्दळ, सगळं यंदापासूनच तुमचं. गाडी लावायला जागा मिळते का, तेही कळेल. हप्ता वाचल्यानं महिना ३० हजार बाजूला पडले, तर दोन वर्षांत व्याज सोडून ७ लाख २० हजार होतात.

मुलाचा प्रवेश झाला की पेठेतच, ५० लाखांच्या आतला, थोडा लहान पण तयार फ्लॅट बघू. २८ लाखांचं कर्ज दहा वर्षांत फिटतं, हप्ता ३५ हजारांच्या आत. खरेदी फक्त तुमच्या नावावर केलीत तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलतही आहे.