शेतरस्त्याच्या दुरुस्तीसाठी शासनाचा पैसा कधी मिळतो?

प्रश्न: आमच्या मळ्याकडे जाणारा पाऊण किलोमीटरचा रस्ता चौघांच्या बांधावरून जातो. पावसाळ्यात त्यावरून बैलगाडीसुद्धा चालत नाही. दुरुस्तीसाठी कृषी विभागाकडून अनुदान मिळेल काय? याच शिवारातील दुसरी पाणंद गावनकाशावर आहे, पण ती शेजाऱ्याने नांगरून पिकाखाली घेतली आहे. तिचे काय करावे?

उत्तर: शेतरस्त्याच्या दुरुस्तीसाठी वैयक्तिक अनुदान देणारी योजना कृषी विभागाकडे नाही. हा विषय महसूल, रोजगार हमी आणि ग्रामपंचायत यांच्या अखत्यारीतला आहे. मात्र ऊस, द्राक्षे किंवा दूध वेळेवर बाहेर निघाले नाही तर आमचे बाकीचे सारे सल्ले बांधावरच राहतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

एखाद्याच्या खासगी मालकीच्या, फक्त त्याच्याच वापरातील वाटेवर शासन पैसा खर्च करत नाही. रस्ता आधी कागदावर यावा लागतो. गावनकाशावर तुटक दुहेरी रेषेने दाखवलेला गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फूट, तर तुटक एकेरी रेषेने दाखवलेला पायमार्ग सव्वाआठ फूट रुंद धरला जातो. आपला रस्ता यांपैकी कशात बसतो, हे गावनकाशाची नक्कल काढून प्रथम पाहावे.

चौघांच्या बांधावरून जाणारा आपला रस्ता नकाशावर नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा. अर्जासोबत कच्चा नकाशा, चालू सातबारा आणि लगतच्या सर्व खातेदारांची नावे व पत्ते द्यावेत. एखाद्या खातेदाराचे नाव राहून गेले की नोटिशीपासून सारे पुन्हा सुरू होते, हे आम्ही वारंवार पाहतो. महसूल विभागाच्या 22 मे 2025 च्या शासन निर्णयानुसार असा रस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात व्हावी, असे अपेक्षित आहे. ही नोंद करून घेतल्याशिवाय थांबू नये, कारण जमीन विकली गेल्यावर नवा मालक तोंडी कबुली मानत नाही. तहसीलदारांचा निर्णय मान्य नसलेल्या पक्षाला एका वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो.

नांगरलेल्या पाणंदीसाठी वाट वेगळी आहे. वहिवाटीचा रस्ता अडवला गेल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दावा दाखल करावा लागतो. ‘सुगी होऊ दे, मग बघू’ म्हणत बसल्यास ही मुदत सहज निघून जाते.

रस्ता मोकळा झाला आणि ग्रामसभेने ठराव घेतला की निधीचा विचार होतो. रोजगार हमीत मजुरी आणि साहित्य यांचे प्रमाण 60:40 राखावे लागते. खडी-मुरुमाच्या रस्त्याला साहित्यच अधिक लागते, त्यामुळे नुसत्या त्या पैशात काम बसत नाही. ही तूट राज्याच्या निधीतून भरण्यासाठी 2018 मध्ये पालकमंत्री शेत/पाणंद रस्ते योजना आणि 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणण्यात आली. योजनांची नावे व निकष बदलत राहतात, म्हणून पंचायत समितीत चालू शासन निर्णय पाहूनच प्रस्ताव द्यावा. या कामांत जमिनीचा मोबदला धरलेला नसतो. तेव्हा चौघांची लेखी संमती आधीच घ्यावी आणि ती घेताना कोणाचा किती बांध जातो, हे जागेवर दोरी धरून दाखवावे.

काळ्या जमिनीतील रस्त्याविषयी एक सूचना. नुसता मुरूम टाकून वर ट्रॅक्टर फिरवला, तर पहिल्याच पावसात मुरूम खाली बसतो आणि चिखल वर येतो. काळी माती पाणी पिऊन फुगते, म्हणून वरचा थर काढून खडीचा थर द्यावा, त्यावर मुरूम पसरून पाणी मारून रोलर फिरवावा, रस्ता मध्यभागी थोडा उंच ठेवावा आणि दोन्ही बाजूंनी चर काढावेत. चरातील पाणी खालच्या शेतकऱ्याच्या पिकात न सोडता ओढ्यापर्यंत न्यावे, अन्यथा तोच पुढच्या वर्षी रस्ता अडवतो. काम चालू असतानाच ठरावीक अंतरावर रस्त्याखालून सिमेंटचे पाइप आडवे टाकून घ्यावेत. नंतर ठिबकची किंवा विहिरीची पाइपलाइन पलीकडे नेण्यासाठी कोणी रस्ता उकरला, की तेथूनच खड्डा पडायला लागतो.