बदामीच्या पोटातला रंग

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले पाचही फोटो मी दोनदा पाहिले, एकदा मोबाइलवर आणि एकदा संगणकाच्या मोठ्या पडद्यावर. पांढरा, मोतिया, बदामी, राखाडी आणि काळा एवढ्याच रंगांत सगळे पोशाख बसवण्याची तुझी कल्पना चांगली आहे, परंतु पाचांपैकी तीन पोशाख फिके पडले आहेत आणि त्याचा दोष तू रंगांच्या कमतरतेला देते आहेस. माझे मत वेगळे आहे. न्यूट्रल रंग म्हणजे रंगच नव्हे, असे गृहीत धरून तू कपडे निवडलेस. बदामीच्या पोटात कुठला ना कुठला रंग दडलेला असतोच. कुठे गुलाबी झाक असते, कुठे पिवळी, कुठे हिरवट. राखाडी कधी निळ्याकडे झुकतो, कधी तपकिरीकडे, आणि दोन दुकानांतून आणलेले काळेसुद्धा क्वचितच जुळतात. भडक रंगांच्या गर्दीत ही झाक कोणाच्या लक्षात येत नाही, पण शेजारी दुसरा रंगच नसला की ती उघडी पडते.

मला हे पैसे मोजून कळले. मी साहाय्यक असताना एका जाहिरातीसाठी सहा जणांचे क्रीम रंगाचे सदरे शिवून घ्यायचे होते. एक तागा पुरला नाही, म्हणून मुंबईच्या कापडबाजारातून, मंगळदास मार्केटच्या त्याच गल्लीतून, दुसरा घेतला; ट्यूबलाइटखाली दोन्ही कापडे अगदी जुळी वाटत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चौपाटीच्या वाळूवर सहा जण ओळीने उभे राहिले, तेव्हा तीन सदरे गुलाबी आणि तीन चक्क हिरवट दिसू लागले. दिग्दर्शक काहीच बोलला नाही, आणि तेच जास्त लागले. शेवटी जवळच्या टपरीवरून पातेलेभर बिनदुधाचा चहा उकळून घेतला, सहाही सदरे त्यात बुडवून पिळले आणि इस्त्री फिरवून फिरवून वाळवले. चहातले टॅनिन सुताला धरते, त्यामुळे सगळ्यांवर एकच तपकिरी झाक चढली आणि दुपारी काम सुरू झाले.

असे का होते, हे समजून घे. निरनिराळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली दोन कापडे एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्या उजेडात वेगळी दिसतात. याला मेटॅमेरिझम म्हणतात. उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात, आकडा लहान तेवढा उजेड पिवळा. घरातल्या पिवळ्या दिव्याचा उजेड सुमारे २७०० केल्व्हिनचा असतो, तर दिवसाचा उजेड ६५०० केल्व्हिनच्या आसपास धरतात. म्हणून कापड घेताना ते गल्लीच्या तोंडाशी, उघड्यावर नेऊन पाहायचे. दुकानदार त्याला हरकत घेत नाहीत, त्यांना त्याची सवय असते. संध्याकाळी मात्र हा खटाटोप करू नकोस, कारण उतरत्या उन्हात सगळेच कापड सोनेरी आणि देखणे दिसते.

आता दुसरा फोटो. कोऱ्या मांजरपाटाच्या कुर्त्यावर तू झगझगीत पांढरी ओढणी दिली आहेस. तयार पांढऱ्या कापडाला आणि धुण्याच्या पावडरीतही असे पदार्थ घातलेले असतात, जे उन्हातली अतिनील किरणे शोषून निळसर उजेड परत टाकतात. आपल्या आज्या नीळ घालून जे साधत, त्याचाच हा पुढचा प्रकार. अशा पांढऱ्याशेजारी कोरे कापड न धुतल्यासारखे दिसते. बिचाऱ्या मांजरपाटाचा त्यात काहीच दोष नाही. ती ओढणी काढ आणि जुनी, धुऊन मऊ पडलेली मोतिया मलमल घे.

तिसऱ्या फोटोतला बदामी तुझ्या मैत्रिणीच्या गहूवर्णी कांतीशी इतका जुळला आहे की मान कुठे संपते आणि कुर्त्याचा गळा कुठे सुरू होतो, ते कळत नाही. चेहऱ्याजवळचे कापड कांतीपेक्षा स्पष्टपणे उजळ किंवा स्पष्टपणे गडद असावे. हाच नियम संपूर्ण पोशाखालाही लागतो. फोटो कृष्णधवल करून पाहा. कुर्ता, सलवार आणि ओढणी तिन्ही एकाच राखाडीत विरघळली, तर रंग कितीही छान असले तरी पोशाख सपाट दिसणार.

यापुढचा विषय पोताचा, आणि खरे सांगायचे तर याच्याचसाठी मी एवढे लांब पत्र लिहायला बसले. आपल्याकडे इतर शुभप्रसंगी काळा वर्ज्य मानतात, पण संक्रांतीला नव्या सुनेला काळी चंद्रकळा नेसवून वर हलव्याचे दागिने घालतात, तो पोशाख आठव. त्यात मुख्य रंग दोनच, काळा आणि पांढरा, तरीही नजर तिथून हलत नाही, कारण कापड मऊ आणि गडद असते, तर प्रत्येक दाण्यावर पाकाचे बारीक काटे उभे असतात आणि उजेड त्या काट्यांवर अडतो. गुळगुळीत मोत्यांच्या माळेला ते साधत नाही. तुझ्या चौथ्या फोटोत कुर्ता, पँट आणि जाकीट तिन्ही एकाच गुळगुळीत पॉपलिनचे आहेत. म्हणून ते गणवेशासारखे दिसते. त्याच रंगांत खादीचा खरखरीत कुर्ता, पॉपलिनची पँट आणि टसरचा, म्हणजे रानरेशमाचा, दुपट्टा घेऊन बघ. आपल्या भंडारा-गडचिरोलीकडचे टसर न रंगवताही सोनेरी बदामी असते, आणि त्याच्या सुताची जाडी कमीजास्त असल्यामुळे त्यावर उजेड एकसारखा पडत नाही.

वेळ मिळाला तर काळा घोड्याला जाऊन डेव्हिड ससून ग्रंथालयासमोर पाच मिनिटे उभी राहा. ती इमारत पिवळसर मालाड दगडाची आहे. कुठे दगड खडबडीत ठेवला आहे, कुठे घासून घडवला आहे आणि कमानींच्या आत सावली कशी धरली आहे, एवढेच बघ. कपड्यांवरच्या व्याख्यानांपेक्षा मला त्या भिंतीने जास्त शिकवले.

चपला-पट्ट्यांविषयी फार लिहीत नाही. चामड्याच्या मूळ रंगाची कोल्हापुरी उबदार झाकेच्या कपड्यांबरोबर चालते, निळसर राखाडीबरोबर काळी वहाण बरी. जून ते सप्टेंबर मात्र घोट्यापर्यंत येणारे मोतिया काही घालायला देऊ नकोस. दादरच्या पुलावरून उतरेपर्यंत त्याची नक्षी झालेली असते.

पाचव्या फोटोतली काळी जोडी उत्तम आहे, तिला हात लावू नकोस. दोन्ही काळे निळसर झाकेचे आहेत, हे तू जाणून केलेस की नशिबाने जमले, ते भेटीत सांग. शनिवारी सकाळी अकराला मंगळदास मार्केटच्या दाराशी ये. दुसऱ्या फोटोतला कुर्ता आणि चौथ्यातले जाकीट पिशवीत घालून आण, नवीन काही विकत घेऊ नकोस, आणि कुर्ता धुणार असशील तर साध्या साबणाने धू.

तुझी,
ताई