घर तारण ठेवून मुलीला परदेशात एमएला पाठवू का?

फलटण तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षकांचं पत्र आलंय. निवृत्तीला वर्ष राहिलंय. मुलगी 26 वर्षांची, पशुवैद्यक, दोन वर्षांपासून एका खासगी डेअरीत 38 हजारांवर नोकरी करते. तिला माणूस आणि जनावर यांच्या नात्यावर मानवशास्त्रात पुढे शिकायचंय, आणि तेही आपल्याकडच्या धनगरांवर. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात एक वर्षाच्या एमएला प्रवेश मिळालाय. एकूण खर्च 40 लाख. 15 लाख ग्रॅच्युइटीतून आणि 25 लाख घर तारण ठेवून कर्ज, असा बेत आहे. "कागदांवर सही करू का?" असं ते विचारतात.

गुरुजी, यंदा सही करू नका. माझी हरकत विषयाला नाही, पैशाच्या क्रमाला आहे.

आधी हप्ता बघा. 25 लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं: महिना 33,700 च्या आसपास. पण शिक्षणाचं एक वर्ष आणि नंतरचं हप्ता न भरण्याच्या सवलतीचं एक वर्ष व्याज चढतच असतं. ते भरलं नाही तर सव्वापाच लाख मुद्दलात मिळतात आणि हप्ता 40,800 होतो. म्हणजे तिच्या आजच्या अख्ख्या पगाराहून जास्त. इंजिनिअरिंगच्या मुलांना तिथली नोकरी हे कर्ज फेडून देते. मानवशास्त्रात एमए झाल्यावर पगार तसा उडी मारत नाही, कारण तिथे एमए ही बहुतेकदा पीएचडीची पायरी असते. शिवाय 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना इंग्लंडमध्ये शिक्षणानंतर थांबायला दोन वर्षांऐवजी दीडच वर्ष मिळणार आहे. हप्ता थकला तर बँक तुमच्या दारात येईल, आणि तेव्हा तुम्ही पेन्शनवर असाल.

या विषयात पैसा पीएचडीला मिळतो. अमेरिकेतल्या चांगल्या विभागांत पीएचडीची फी माफ असते आणि साधारण पाच वर्षं विद्यावेतन मिळतं. बदल्यात शिकवण्याचं काम करावं लागतं. अनेक ठिकाणी आधी एमए लागतही नाही. म्हणून विद्यापीठाच्या नावाआधी मार्गदर्शक शोधा. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात राधिका गोविंदराजन आहेत. त्यांनी कुमाऊँच्या गावांतल्या शेळ्या, गाई, माकडं आणि माणसं यांवर काम केलंय. टोरंटोत नैसर्गी दवे आहेत. तुमच्या मुलीचा प्रश्न ज्यांना पहिल्या वाचनात कळेल अशी ही माणसं. विभागात असा माणूस नसेल तर तिथे भरलेली फी वाया जाते, असं माझं स्पष्ट मत आहे.

धोका इथेही आहे. बॉस्टन युनिव्हर्सिटीने 2025-26 साठी मानवशास्त्रासह डझनभर विषयांचे पीएचडी प्रवेशच थांबवले होते. त्यामुळे एकाच दाराशी उभं राहू नका.

दुसरं दार ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीचं. ब्रिटनमधल्या एक वर्षाच्या एमएची फी, विमानभाडं, राहण्याचा खर्च सगळं त्यात येतं. अट किमान दोन वर्षांच्या कामाच्या अनुभवाची, आणि ती तिची पूर्ण झालीय. नंतर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं, पण तिचं काम तर इथेच आहे. विद्यापीठाला आजच मेल करून प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येतो का ते विचारा.

तिसरं दार पुण्याचं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मानवशास्त्र विभागातून एमए करायचं आणि नेट ही परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची सरकारी शिष्यवृत्ती, मिळवायची. पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि वर घरभाडं भत्ता, पुढे 42,000. वयाची अट 30 ची असली तरी मुलींना पाच वर्षांची सूट आहे. घाई करण्यासारखं काही नाही.

तुमच्या ग्रॅच्युइटीबद्दल थोडक्यात. 60 च्या आत निवृत्त होणाऱ्यांना निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकता येते. 8.2 टक्क्यांनी 15 लाखांवर तिमाहीला 30,750 रुपये मिळतात. त्यातून अर्जांचं शुल्क आणि इंग्रजीची परीक्षा आरामात निघेल.

पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय की वाडा, म्हणजे मेंढ्यांसह फिरणारा धनगरांचा तळ, कोकणात उतरला की शेतकरी खतासाठी मेंढ्या शेतात बसवून घेतात, आणि धान्य घ्यायचं की रोख, हे धनगरीण ठरवते. मुलीला तिथेच जायचंय ना? पशुवैद्यक म्हणून मेंढी तपासता तपासता तो व्यवहार बघणारा माणूस निवड समितीला सहज सापडत नाही. दिवाळीनंतर वाडे उतरतील तेव्हा तिला महिनाभर बिनपगारी रजा काढून बरोबर जाऊ द्या, रोज लिहायला सांगा. पीएचडीच्या अर्जांच्या तारखा बहुतेक डिसेंबरात असतात; त्या अर्जात हीच टिपणं जातील. तिचा बुडालेला पगार आणि एसटीचं भाडं मिळून 40-45 हजार होतील. हा खर्च खुशाल करा.