ठाण्याचा घोडबंदर रोड नेमका कुठून कुठे जातो? आणि मुंबईतल्या एस. व्ही. रोडलाही जुनी माणसं घोडबंदर रोडच का म्हणतात?

तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच नकाशात आहे, म्हणून आधी नकाशा डोळ्यासमोर आणा. मुंबईची उपनगरं आणि ठाणे ज्या साष्टी बेटावर वसले आहेत, त्याच्या पश्चिमेला समुद्र, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि उत्तरेला वसईची खाडी. मधोमध येऊर-कान्हेरीचे डोंगर. डोंगर ओलांडून सरळ जायची सोय नव्हती, त्यामुळे जुने रस्ते त्याला वळसा घालून गेले. एक पूर्वेकडून: शीव, कुर्ला, भांडुप, मुलुंड, ठाणे. हा जुना आग्रा रोड, आताचा लाल बहादूर शास्त्री मार्ग. दुसरा पश्चिमेकडून: वांद्रे, अंधेरी, मालाड, बोरिवली, दहिसर आणि तिथून बेटाच्या वरच्या टोकाला असलेल्या घोडबंदरापर्यंत. आज ज्याला आपण स्वामी विवेकानंद मार्ग, म्हणजेच एस. व्ही. रोड, म्हणतो तो या दुसऱ्या रस्त्याचा दक्षिणेकडचा भाग. तो घोडबंदरला जायचा म्हणून घोडबंदर रोड. ठाण्याहून डोंगराच्या उत्तर पायथ्याने जाणारा तिसरा रस्ताही तिथेच पोचायचा, म्हणून तोही घोडबंदर रोड. म्हणजे जुनी माणसं अजिबात चुकत नाहीत. मुंबईकडचं नाव बदललं, ठाण्याकडचं टिकलं, एवढंच.

घोडबंदरला एवढं महत्त्व का, तर खाडीच्या काठचं हे बंदर पोर्तुगीजांच्या काळात नांदतं होतं. अरब व्यापाऱ्यांचे घोडे इथे उतरत. बंदरावर नजर ठेवायला टेकडीवर किल्ला आहे. 1737 मध्ये चिमाजी अप्पांच्या साष्टी मोहिमेत तो मराठ्यांकडे आला, आणि दोन वर्षांनी, 1739 मध्ये, खाडीपलीकडची वसई पडली. किल्ला आजही आहे आणि बघण्यासारखा आहे. महामार्गावरून रोज जाणाऱ्या हजारो लोकांना तो माहीतही नसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पश्चिमेकडच्या रस्त्याचं नशीब उघडलं ते 1845 मध्ये. त्याआधी माहीमहून वांद्र्याला जायचं म्हणजे होडीत बसायचं. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी 1 लाख 57 हजार रुपये देऊन माहीमचा कॉजवे बांधवून घेतला, तोही लोकांकडून टोल घ्यायचा नाही या अटीवर. तिथून मुंबई बेट पश्चिमेकडूनही साष्टीला रस्त्याने जोडलं गेलं; पूर्वेला शीवचा कॉजवे आधीपासून होता. पुढे रेल्वे आली. 1853 मध्ये ठाण्यापर्यंत पहिली गाडी धावली, पण ती लाइन पुढे खाडी ओलांडून कल्याणकडे वळली. पश्चिमेची लाइन विरारकडे गेली. बेटाच्या वरच्या टोकाला, ठाणे ते घोडबंदर या पट्ट्यात, रेल्वे कधी आलीच नाही. या रस्त्याचं पुढचं सगळं रामायण इथून सुरू होतं असं माझं मत आहे. पूर्व आणि पश्चिम दोन्ही बाजूंना लोकलच्या आधाराने उपनगरं उभी राहिली आणि या पट्ट्यात मात्र शेती, आगरी-कोळी गावं, आदिवासी पाडे आणि ठाण्याच्या टोकाला कोळशेत-बाळकुमचे कारखाने एवढंच राहिलं. वस्ती आली ती फार उशिरा, नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर. आणि आली ती पूर्णपणे या एका रस्त्याच्या भरवशावर.

आता मार्ग. सरकारी कागदावर हा राज्य महामार्ग 42. ठाण्यात माजिवडा-कापूरबावडीला सुरू होतो. तिथे पूर्व द्रुतगती मार्ग आणि नाशिक महामार्ग येऊन मिळतात. मग मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, आनंदनगर, कासारवडवली, ओवळा आणि गायमुख. कापूरबावडी ते वाघबीळ या भागात चौकाचौकांवर उड्डाणपूल आहेत. दोन्ही बाजूंना आता टॉवर आहेत, पण थांब्यांची नावं वाचलीत तर सगळी पाड्यांची आणि गावांची आहेत, आणि ती गावं त्या टॉवरांच्या मागे अजून नांदती आहेत. गायमुखला खाडी अगदी रस्त्याला येऊन भिडते आणि घाट सुरू होतो. पुढे काजूपाडा, चेणे आणि फाउंटन हॉटेलचा चौक. तिथे अहमदाबाद महामार्ग लागतो: डावीकडे दहिसर-मुंबई, उजवीकडे वर्सोवा पुलावरून वसई आणि गुजरात. घोडबंदर गाव आणि किल्ला याच चौकाच्या जवळ.

गायमुखचा घाट हा या रस्त्याचा खरा कस. ठाण्याहून जाताना डावीकडे राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, उजवीकडे खाली खाडी, मध्ये रस्त्याला पाय पसरायला जागाच नाही. जंगलाची जमीन असल्यामुळे इथे रुंदीकरण सहज होत नाही, आणि ते तसं सहज होऊही नये असं मला वाटतं. बिबट्यांचा हा वावराचा भाग आहे आणि या रस्त्यावर गाड्यांखाली बिबटे मेलेले आहेत. पावसाळ्यात डोंगराचं पाणी रस्त्यावरून आडवं वाहतं. भरलेला ट्रेलर वळणावर ब्रेक लावतो तेव्हा चाकांखालचं डांबर अक्षरशः पुढे ढकललं जातं, त्याच्या लाटा होतात, लाटांत पाणी मुरतं आणि खड्डा पडतो. पाऊस थांबल्यावर तिथे उभं राहून बघा, चढावर पहिल्या गिअरमध्ये कण्हत जाणारा कंटेनर आणि त्याच्या मागे साचत जाणारी रांग. त्यातला एक जरी बंद पडला तरी रांग ओवळ्यापर्यंत येते. मी याच पट्ट्यात राहतो. आमच्याकडे घरातून निघण्याआधी ‘घाटात काय आहे?’ हा प्रश्न हवामानापेक्षा आधी विचारला जातो.

हे कंटेनर इथे का, हे समजून घेतल्याशिवाय घोडबंदर रोडच्या कोंडीवर बोलण्यात अर्थ नाही. 1989 मध्ये न्हावा-शेव्याचं जेएनपीटी बंदर सुरू झालं. तिथून गुजरातकडे जाणारा माल कळंबोली, मुंब्रा, खारेगाव, माजिवडा असा येतो आणि अहमदाबाद महामार्ग गाठायला त्याच्यासमोर हाच रस्ता असतो. दुसरी वाट भिवंडीहून कामण-चिंचोटीची, पण तिची अवस्थाही धड नसते. म्हणजे एका जुन्या बंदराकडे जायला पडलेली वाट आज दुसऱ्याच बंदराचा माल वाहते आहे, आणि त्याच वाटेवरून शाळेच्या बस, रुग्णवाहिका आणि नोकरदारही जातात. अवजड वाहनांना ठरावीक वेळांतच सोडायचे नियम आहेत, पण मग रोखलेली वाहनं एकदम सुटतात आणि रात्री उशिरा कोंडी होते.

रस्ता बीओटीवर, म्हणजे कंत्राटदाराने बांधायचा आणि टोलमधून खर्च वसूल करायचा या पद्धतीने, चौपदरी झाला, गायमुखला टोलनाका आला, पुढे टोलची मुदत संपली. नंतर मधोमध मेट्रो 4 चे खांब उभे राहिले. वडाळा ते कासारवडवली आणि पुढे 4 अ गायमुखपर्यंत. अलीकडे सेवा रस्ते मुख्य रस्त्यात मिसळायचं काम काढलं. रहिवाशांनी त्याला विरोध केला आणि मीही त्या बाजूचा आहे. सेवा रस्ता गेला की सोसायटीच्या फाटकातून निघालेली स्कूटी थेट ट्रेलरच्या शेजारी येते. रस्ता रुंद दिसेल, पण पायी चालणाऱ्याला तो ओलांडायचा कसा, हे आधी सांगायला हवं होतं.

बोरिवलीला जाणाऱ्यांसाठी ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं काम चालू आहे. एकूण 11.8 किलोमीटर, मानपाड्याजवळच्या टिकुजिनीवाडीपासून मागाठाण्यापर्यंत, थेट डोंगराच्या पोटातून. तो झाला की कारने बोरिवलीला जायला घोडबंदरचा वळसा लागणार नाही, हे खरं. पण गुजरातच्या कंटेनरला बोरिवलीत उतरून काय उपयोग? त्याला उत्तरेलाच जायचं आहे. वडोदऱ्याहून येणाऱ्या द्रुतगती मार्गाचा फाटा बदलापूरकडून जेएनपीटीच्या दिशेने होतो आहे. तो पूर्ण होऊन अवजड वाहतूक तिकडे वळेपर्यंत गायमुखच्या घाटात फारसा फरक पडेल असं मला वाटत नाही. तेव्हा किल्ला बघायला येणार असाल तर रविवारी सकाळी लवकर या, आणि ठाण्याहून न येता दहिसरकडून या.