जवसात पैसा घालताय? आधी घाणा नको, एक एकर पेरा

दादा, जवस पेरून स्वतःचा तेलाचा घाणा टाकायचा तुमचा उत्साह बघून बरं वाटलं, पण सुरुवातीलाच घाण्यासाठी कर्ज काढू नका. या रब्बीत एकच एकर पेरा. निफाडकडची ओल धरणारी काळी जमीन जवसाला मानवते. सिन्नरच्या हलक्या माळावर संरक्षित पाणी, म्हणजे ओल कमी पडली की द्यायचं पाणी, लागेलच. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेरणी, एकरी 8-10 किलो बी, आणि बी फार खोल जाऊ देऊ नका. द्राक्षासारखा फवारणीचा खर्च यात नाही, तसा द्राक्षासारखा पैसाही नाही.

खरी कमाई प्रक्रियेत आहे, आणि जपायचंही तिथेच. बियात तेल साधारण 35 ते 40 टक्के, पण लाकडी घाण्यावर तेवढं सगळं निघत नाही. बरंच पेंडीत राहतं. म्हणून पेंडीचं गिऱ्हाईक, म्हणजे गावातले दूधवाले, आधीच बांधून ठेवा. बोंडं तपकिरी होऊन हलवल्यावर खुळखुळली की काढणी करा. ओलं बी घाण्यात घालूच नका. हे तेल उजेडाने आणि उष्णतेने लवकर खवट होतं, तेव्हा गडद बाटली वापरा आणि मागणीपुरतंच गाळा. एफएसएसएआय, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नोंदणीशिवाय एकही बाटली विकू नका.

पहिलं वर्ष भाड्याच्या घाण्यावर काढा. भाजलेलं जवस आणि चटणीही सोबत ठेवा, नाशिकात ती घरोघरी खपते.