टेस्ट केसमध्ये पासवर्ड व्हेरिएबलमधून दिला की लॉगिन फेल, हाताने लिहिला की पास. असं काऊन होतं?

भाऊ, उत्तराआधी एक काम करा. प्रश्नासोबत तुम्ही कन्सोलचा जो लॉग चिकटवलाय, त्यात टेस्ट अकाउंटचा पासवर्ड उघडा दिसतोय. तो आजच बदलून घ्या आणि इथूनही काढा. गंमत म्हणजे तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्याच ओळीत आहे, पण त्याकडे नंतर येतो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रोबोट फ्रेमवर्क (टेस्ट लिहायचं साधन) आणि सेलेनियमवर (ब्राउझर आपोआप चालवणारं साधन) लॉगिनची टेस्ट लिहिली आहे. लॅपटॉपवर पासवर्ड सरळ टेस्टमध्ये लिहिला तर पास. जेनकिन्सवर (सर्व्हरवर टेस्ट आपोआप चालवणारं साधन) तोच पासवर्ड क्रेडेन्शियलमध्ये (त्यातली गुपितं ठेवायची जागा) ठेवून व्हेरिएबलने दिला तर 'युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा'. व्हेरिएबलचं नाव दहादा तपासलं, बरोबर आहे.

नाव बरोबर असणारच. ते चुकलं असतं तर रोबोट फ्रेमवर्क 'हे व्हेरिएबल सापडलं नाही' म्हणून तिथंच थांबलं असतं, लॉगिनच्या पानापर्यंत पोचलंच नसतं. म्हणजे पासवर्ड म्हणून काहीतरी पोचून राहिलंय, फक्त जे निघालं ते पोचत नाही.

याच खड्ड्यात मी स्वतः दोन दिवस घालवले आहेत. मी दारव्हा तालुक्यातल्या गावातून काम करतो. उन्हाळ्यात दुपारी लाइन कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे मोठ्या टेस्ट लॅपटॉपवर चालवतच नाही, सगळ्या सर्व्हरवरच्या जेनकिन्सवर. थ्री-फेज रात्रीची असली की बाबा ओलिताला जातात आणि मी माडीवर बसून टेस्ट सोडतो. तर लॉगिन फेल होऊ लागलं. मी आधी पान हळू उघडत असेल म्हणून पाच सेकंदांची थांबण्याची ओळ घातली, मग दहा सेकंदांची. मग ब्राउझरला दोष दिला. तेवढ्यात पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर अकाउंट लॉक झालं, आणि आता बरोबर पासवर्ड टाकला तरी फेल! पुण्यातल्या ॲडमिनचा फोन आला, "दादा, पुन्हा लॉक केलंत का?" बाबा ओलित करून परत आले, चहा झाला, तरी मी तिथंच.

शेवटी जे केलं ते पहिल्या दहा मिनिटांत करायला हवं होतं. पासवर्ड छापायचा नाही, त्याची लांबी छापायची. कापूस घरी मोजतो, मग मार्केटात धर्मकाट्यावर मोजतो, तसं. प्रत्येक टप्प्यावर अक्षरं मोजा. जिथं घट येईल तिथं चोर.

समजा पासवर्ड आहे संत्रा$तूर#४५. (अक्षरं आणि आकडे इंग्रजीतले समजा: 'संत्रा'ची सहा, 'तूर'ची तीन, दोन आकडे, दोन खुणा. एकूण तेरा.) पहिला टप्पा शेलचा (कमांड चालवणारा प्रोग्राम, जसं बॅश): व्हेरिएबलच्या नावाआधी # लावून ते महिरपी कंसात टाकलं आणि बाहेर $ दिला की बॅश लांबी सांगतं. दुसरा टप्पा रोबोट फ्रेमवर्कमधला, तिथं 'गेट लेंथ' हा कीवर्ड (तयार आज्ञा) आहे. तिसरा टप्पा ब्राउझरमधला, पासवर्डच्या चौकटीत किती अक्षरं पडली ते जावास्क्रिप्टने मोजा. काही चौकटींना कमाल लांबी ठरवलेली असते, तिच्यापुढचं टायपिंग गुपचूप गळतं.

माझ्याकडे शेलमध्ये तेरा आले, रोबोटमध्ये नऊ. चार अक्षरं गायब. कोणती चार? $ आणि 'तूर'.

झालं असं की जेनकिन्सच्या पाइपलाइनमध्ये (काय काय चालवायचं ती स्क्रिप्ट) रोबोटची कमांड मी दुहेरी अवतरणात लिहिली होती. दुहेरी अवतरण असलं की ग्रूव्ही (पाइपलाइन ज्या भाषेत लिहितात ती) आधी पासवर्डचं खरं मूल्य कमांडच्या मजकुरात चिकटवतं. मग तो मजकूर शेलकडे जातो. शेलला $तूर दिसतं. त्याला वाटतं हे व्हेरिएबल आहे, तो शोधतो, सापडत नाही, आणि त्या जागी काहीच ठेवत नाही. रोबोटच्या हाती उरतं संत्रा#४५.

आता तुमच्या लॉगकडे या. जेनकिन्स गुपित पासवर्ड कन्सोलवर **** असे तारे करून झाकतं, मग तुमचा उघडा कसा? कारण ते जुळवून झाकतं. क्रेडेन्शियलमध्ये जो मजकूर आहे हुबेहूब तोच दिसला तर तारे. मोडलेला मजकूर त्याला ओळखू येत नाही, म्हणून तो तसाच छापला जातो. लॉगमध्ये उघडा दिसतोय, म्हणजे बहुतेक तो मोडलेलाच आहे. तुमच्या खऱ्या पासवर्डाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा, मधला तुकडा नसेल. त्याच लॉगमध्ये वर 'गुपित ग्रूव्हीच्या इंटरपोलेशनने (मूल्य मजकुरात चिकटवून) दिलं, हे असुरक्षित आहे' अशा अर्थाची इंग्रजी वॉर्निंगही असेल. मी ती दोन दिवस वाचलीच नव्हती. वॉर्निंग कोण वाचतं!

उपाय छोटा आहे. कमांडभोवती एकेरी अवतरण द्या, म्हणजे ग्रूव्ही हात लावणार नाही. त्याहून बरं, पासवर्ड कमांडवर देऊच नका. जेनकिन्स तो एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (चालू प्रोग्रामला बाहेरून मिळणारं मूल्य) म्हणून देतच असतं. रोबोट फ्रेमवर्कमध्ये $ च्या जागी % लावून महिरपी कंसात ते नाव लिहिलं की मूल्य थेट मिळतं. मधे शेल नाही, अवतरणं नाहीत, आणि सर्व्हरवर चालू प्रोसेसची यादी पाहणाऱ्यालाही काही दिसत नाही.

तुमचा आकडा माझ्यासारखा नसेल तर दुसरे संशयित आहेत. तेराचे दहा झाले, म्हणजे # पासून पुढचं तुटलं, तर पासवर्ड डॉट-ईएनव्ही (.env, सेटिंग ठेवायची) फाइलमध्ये अवतरणाशिवाय लिहिलाय का ते पाहा. ही फाइल वाचणाऱ्या नोडच्या (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) डॉटईएनव्ही लायब्ररीत 15 व्या आवृत्तीपासून अवतरणाबाहेरचा # कॉमेंट मानला जातो. चौदा आले तर शेवटी काहीतरी चिकटलंय: कॉपी करताना आलेली मोकळी जागा, किंवा विंडोजवर बनवलेल्या फाइलमधली ओळ संपल्याची जास्तीची खूण, जी लिनक्सला कळत नाही. विंडोजच्या बॅच फाइलमध्ये मूल्यानंतर जागा सोडून && लिहिलं तर ती जागाही मूल्यातच जाते. शून्य आलं तर क्रेडेन्शियल त्या जॉबपर्यंत आलंच नाही.

आणि तेराचे तेराच आले तरी फेल? आधी अकाउंट लॉक नाही ना ते बघा. मग बाइट (साठवायला लागणारी जागा) मोजा. हेही माझ्यासोबत झालंय. लाइन गेली होती, म्हणून पासवर्ड फोनच्या नोट्समध्ये लिहिला आणि तिथून जेनकिन्समध्ये पेस्ट केला. कीबोर्ड मराठी होता. शेवटचे 45 तिथं ४५ झाले. डोळ्याला ते दिसलंच नाही, पेस्ट केल्यावर तर नुसते ठिपके. अक्षरं तेरा, पण बाइट सतरा, कारण यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये देवनागरी आकड्याला तीन-तीन बाइट लागतात.

एक राहिलं. पासवर्ड भरायला तुम्ही 'इनपुट टेक्स्ट' वापरलंय. त्या जागी 'इनपुट पासवर्ड' घ्या. पहिला कीवर्ड टाइप केलेला मजकूर रोबोटच्या लॉग फाइलमध्ये लिहितो, दुसरा लिहीत नाही. जेनकिन्सचे तारे फक्त कन्सोलपुरते असतात, त्या फाइलला ते झाकत नाहीत. मात्र लॉगची पातळी ट्रेसवर (सगळ्यात बारीक तपशील छापणारी) ठेवली तर 'इनपुट पासवर्ड'चाही उपयोग नाही, तिथं सगळंच छापलं जातं.

मोजून झालं की तिन्ही टप्प्यांचे आकडे इथे टाका. फक्त आकडे, पासवर्ड नको.